फेब्रुवारीचे दिनविशेष : फळा लिहिणाऱ्यांना नेहमी पडणारे प्रश्न

शाळेच्या परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रास्ताविका, सुविचार झाला की कुणीतरी पुढे येऊन ‘आजचे दिनविशेष’ वाचतं. ते लिहून देण्याचं काम बहुतेक एकाच शिक्षकाच्या गळ्यात असतं. आमच्या शाळेत ते वर्षानुवर्षं माझ्या गळ्यात होतं. आता निवृत्त झालो, तरी फेब्रुवारी लागला की फोन येतातच. महिना सगळ्यात लहान आणि घोळ सगळ्यात जास्त. म्हणून तेच ते प्रश्न इथे एकत्र लिहून ठेवले आहेत. ग्रामपंचायत, वाचनालय, महिला मंडळ, कुणालाही उपयोगी पडावेत.

फळ्यावर लिहिण्याआधी सगळ्यात पहिलं काय बघायचं?

त्या तारखेला नेमकं काय झालं होतं ते. जन्म, मृत्यू, शोध, ठराव, करार की गोळीबार? आपण नाव बघतो, तारीख बघतो आणि सवयीने पुढे ‘जयंती’ लिहून मोकळे होतो. मीही एकदा २८ फेब्रुवारीला झोकात लिहिलं होतं, ‘सर सी. व्ही. रामन जयंती’. भिजवलेल्या खडूने, दुहेरी रेघेची अक्षरं काढून. मधल्या सुट्टीत सातवीतली एक मुलगी पाठ्यपुस्तक घेऊन आली. बोलली काहीच नाही, फक्त पान उघडून समोर धरलं. भिजवलेल्या खडूचं एक आहे, एकदा वाळला की डस्टरने जात नाही, ओलं फडकं लागतं. सगळी शाळा बघत असताना मी फळा पुसत होतो.

मग २८ फेब्रुवारीला रामन यांचं काय असतं?

त्यांच्या शोधाचा दिवस. रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा आणि निधन २१ नोव्हेंबर १९७० चं. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यातल्या प्रयोगशाळेत त्यांना आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांना जे दिसलं, त्याला आज ‘रामन परिणाम’ म्हणतात. प्रकाश एखाद्या पदार्थातून विखुरतो तेव्हा त्यातला अगदी थोडा भाग आपली तरंगलांबी, म्हणजे रंग, बदलून बाहेर पडतो आणि हा बदल त्या पदार्थाच्या रेणूंवर अवलंबून असतो. त्यामुळे प्रकाशाकडे बघून पदार्थ ओळखता येतो. या शोधासाठी १९३० चं नोबेल मिळालं. केंद्र सरकारने १९८६ मध्ये हा दिवस ‘राष्ट्रीय विज्ञान दिन’ म्हणून ठरवला आणि १९८७ पासून तो साजरा होऊ लागला.

एक सूचना. या दिवशी अनेक शाळांत काचेच्या ग्लासात पाणी, त्यात दुधाचे चार थेंब आणि बाजूने टॉर्च असा प्रयोग दाखवतात. बाजूने पाणी निळसर दिसतं, समोरून बघितलं तर उजेड तांबूस दिसतो. प्रयोग सुंदर आहे, जरूर करा. पण खाली ‘रामन परिणाम’ अशी पाटी लावू नका. तो रॅलेचा विखुरण्याचा नियम आहे, आकाश निळं का दिसतं त्याचं कारण. खुद्द रामन यांची गोष्ट मात्र इथूनच सुरू होते. १९२१ मध्ये बोटीने परत येताना भूमध्य समुद्राचा निळा रंग बघून त्यांना प्रश्न पडला की हा निळेपणा नुसता आकाशाचं प्रतिबिंब आहे की पाण्याचा स्वतःचा? म्हणजे ग्लासापासून गोष्ट सुरू करून रामनपर्यंत पोचता येतं. पाटी तेवढी बरोबर हवी.

पुणे जिल्ह्यातल्या जवळच्या शाळांना आणखी एक सोय आहे. नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांना बघायला खुली असते आणि शाळांची प्रदर्शनंही तिथे भरतात.

जयंती, पुण्यतिथी, स्मृतिदिन, प्रकट दिन, वर्धापन दिन : कुठे काय लिहायचं?

हयात माणसाचा वाढदिवस, दिवंगत थोर माणसाची जयंती. संस्थेचा वर्धापन दिन. हयात नेत्याच्या नावापुढे ‘जयंती’ लिहिलेलं बॅनर मी डोळ्यांनी बघितलं आहे. ते उतरवताना झालेली धावपळही.

पुण्यतिथी हा शब्द मुळात तिथीचा, पण आता तारखेलाही सर्रास वापरतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. स्मृतिदिन हा शब्द सगळीकडे चालतो. लढताना किंवा फाशी जाऊन प्राण दिलेल्यांसाठी बलिदान दिन. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन म्हणतात, तिथे पुण्यतिथी लिहू नये.

प्रकट दिन वेगळा. शेगावचे गजानन महाराज कुठले, त्यांचा जन्म कधीचा, हे कुणाला ठाऊक नाही. ते शेगावात पहिल्यांदा दिसले तो दिवस माघ वद्य सप्तमी, शके १७९९, म्हणजे २३ फेब्रुवारी १८७८. उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खात बसलेले दिसले, ही हकिकत विदर्भात लहान पोरालाही पाठ असते. जन्माचा दिवसच माहीत नाही म्हणून जयंती नाही, प्रकट दिन. आणि तो पाळतात तिथीने, त्यामुळे २३ फेब्रुवारीला शेगावची गर्दी शोधायला जाऊ नका, पंचांग बघा.

शिवजयंती १९ फेब्रुवारीला की तिथीने? दरवर्षी वाद होतो.

होतो खरा. उत्तर एका ओळीत हवं असेल तर : शासकीय जयंती आणि सुट्टी १९ फेब्रुवारीला, तिथीने मानणारे फाल्गुन वद्य तृतीयेला साजरी करतात. शाळेच्या फळ्यावर १९ फेब्रुवारी.

पण मुलं विचारतात, आणि विचारलंच पाहिजे, की दोन तारखा आल्या कुठून? खरं तर तीन म्हणायला हव्यात. पूर्वी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ सालचा जन्म धरत असत. लोकमान्य टिळकांनी शिवजयंतीला सार्वजनिक रूप दिलं त्या काळात हेच साल रूढ होतं. पुढे जेधे घराण्यातली शकावली टिळकांच्याच हाती आली आणि १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली. शकावली म्हणजे सालवार नोंदींची वही. तिच्यात जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, शिवनेरी असा नोंदवला आहे. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही हीच तिथी मिळते. दोन स्वतंत्र साधनं एकच बोलू लागली तेव्हा अभ्यासकांचा कल १६३० कडे झुकला.

इथे एक हिशोब मुलांकडून जरूर करून घ्या. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, हे सगळ्यांना पाठ असतं. १५५१ आणि ७८ म्हणजे १६२९. मग १६३० कसं? कारण शक बदलतो गुढीपाडव्याला आणि इसवी सन १ जानेवारीला. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या दिवसांना ७९ मिळवावे लागतात. फाल्गुन हा वर्षाचा शेवटचा महिना, तेव्हा तो नेमका याच पट्ट्यात येतो. वर गजानन महाराजांचे १७९९ चे १८७८ झाले तेही यामुळेच. हा ‘एकाचा फरक’ कळला की अर्धे वाद तिथेच मिटतात.

आता तारखेची गंमत. १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन, म्हणजे जुन्या युरोपीय कालगणनेतली तारीख आहे. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन कालगणनेने तोच दिवस १ मार्च १६३० ला येतो. त्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचा फरक होता. कोणत्याही कालगणनेने मोजा, वार शुक्रवारच येतो. शकावलीतही शुक्रवारच आहे. मला स्वतःला या नोंदीतली सगळ्यात भरवशाची गोष्ट हा वार वाटतो. वर्ष लिहिताना चूक होऊ शकते, पण तिथी, वार आणि साल असं तिन्ही जुळून येणं सोपं नसतं.

तिथीने मानणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे आपली फाल्गुन वद्य तृतीया म्हणजे तिकडची चैत्र कृष्ण तृतीया. दिल्ली-इंदूरच्या मराठी मंडळांनी तिथल्या छापील पंचांगात ‘फाल्गुन कृष्ण तृतीया’ शोधली की ती महिनाभर आधी येते.

यंदा कितवी जयंती, हे कसं मोजायचं?

साध्या वजाबाकीने. महाराजांचा जन्म १६३०, पहिली जयंती १६३१. म्हणून २०२७ मध्ये ३९७ वी आणि २०३० मध्ये ४०० वी. काही जण जन्माचा दिवसच ‘पहिला’ धरतात आणि त्यांचा आकडा एकाने वाढतो. कमानीवर आकडा रंगवण्याआधी मंडळात एकदा ठरवून घ्या, कारण दोन गल्ल्यांच्या दोन कमानींवर दोन आकडे हे दृश्य फार वाईट दिसतं.

गाडगेबाबांची जयंती कशी साजरी करावी?

२३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. डोक्यावर किंवा हातात मातीचं गाडगं, ज्यात भाकरी घ्यायची त्यातच पाणी प्यायचं, म्हणून लोक गाडगेबाबा म्हणू लागले. दुसऱ्या हातात खराटा. गावात शिरले की कुणाशी न बोलता झाडायला लागायचे, गाव झाडून झालं की रात्री त्याच जागी कीर्तन. कीर्तनही एकतर्फी नसे. वऱ्हाडी बोलीत समोरच्याला प्रश्न विचारायचे, लोकांकडूनच उत्तर वदवून घ्यायचे आणि मग त्याच उत्तरात त्यांना पकडायचे. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे मुकं जनावर कापू नका, पोराला शाळेत घाला. स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण धर्मशाळा आणि शाळा उभ्या केल्या. पायाला हात लावू देत नसत. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला.

आता साजरं करण्याबद्दल. दरवर्षी मी एकच दृश्य बघत आलो आहे. आदल्या दिवशी शिपाईमामांनी झाडून ठेवलेलं प्रांगण, त्यावर नवेकोरे खराटे घेतलेली पाहुणे मंडळी, आणि फोटो. खराट्यांच्या दांड्याला किमतीचं लेबल अजून चिकटलेलं. त्यापेक्षा शाळेच्या मागची बाजू घ्या, जिथे खिचडीचं उरलंसुरलं टाकतात, नळाचं पाणी साचतं. अर्धा तास पुरतो. मग वर्गात बसून एखाद्याला कीर्तनकार करा आणि बाकीच्यांना प्रश्न विचारायला लावा. आमच्याकडे एका मुलाने मुख्याध्यापकांनाच विचारलं होतं, “सर, तुम्ही तंबाखू का खाता?” कीर्तन तिथेच थांबवावं लागलं, पण बाबांची पद्धत त्याला बरोबर कळली होती.

सेवालाल महाराज आणि संत रविदास यांच्या जयंतीच्या तारखा कोणत्या?

संत सेवालाल महाराज जयंती १५ फेब्रुवारीला, जन्मवर्ष १७३९. वाशीम जिल्ह्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान, समाधी तिथेच आहे. वर्गात तांड्यावरची मुलं असतील तर त्या दिवशीचा परिपाठ त्यांच्या गोरबोलीत होऊ द्या. ‘जय सेवालाल’ ही त्यांच्याकडे रामराम करण्याची रीत आहे.

संत रविदासांची जयंती माघ पौर्णिमेला, त्यामुळे तारीख सरकते. २०२४ मध्ये २४ फेब्रुवारी, २०२५ मध्ये १२ फेब्रुवारी, २०२६ मध्ये १ फेब्रुवारी. मागच्या वर्षीची वही बघून लिहिणाऱ्यांची हमखास फसगत होते ती इथे.

२१ फेब्रुवारी आणि २७ फेब्रुवारी दोन्ही भाषेचेच दिवस. एकत्र साजरे केले तर चालेल?

कार्यक्रम एकत्र करा हवं तर, पण गोष्ट एक करू नका. एक दिवस दुःखातून आला आहे, दुसरा वाढदिवसातून.

२१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानात बंगाली बोलणारे बहुसंख्य, तरी राष्ट्रभाषा म्हणून एकटी उर्दू लादण्याचा घाट घातला गेला. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात विद्यार्थी जमावबंदी मोडून रस्त्यावर आले आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. रफीक, जब्बार, बरकत, सलाम ही त्या आंदोलनात प्राण गेलेल्यांची नावं बांगलादेशात शाळकरी मुलांना तोंडपाठ असतात. १९५६ मध्ये बंगालीला राष्ट्रभाषेचा दर्जा मिळाला. पुढे कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये राहणाऱ्या दोन बांगलादेशींनी १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांना पत्र पाठवून असा दिवस जगाने पाळावा असं सुचवलं. त्यातल्या एकाचं नाव रफीकुल, दुसऱ्याचं अब्दुस सलाम. हुतात्म्यांचीच नावं पुन्हा. नोव्हेंबर १९९९ मध्ये युनेस्कोने मान्यता दिली आणि २००० पासून तो जगभर पाळला जातो.

ढाक्यात त्या दिवशी पहाटे लोक अनवाणी, फुलं घेऊन शहीद मिनारकडे चालत जातात. या मिरवणुकीला बंगालीत म्हणतात ‘प्रभात फेरी’. आपलाच शब्द. मी परिपाठात हे सांगितलं की मुलं हमखास मान वर करतात.

२७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा, म्हणजे वि. वा. शिरवाडकरांचा जन्मदिवस. १९१२, पुणे. पण माणूस नाशिकचा. मूळ नाव गजानन, दत्तक गेल्यावर विष्णू वामन झालं. धाकट्या बहिणीचं नाव कुसुम, तिचा अग्रज म्हणून कुसुमाग्रज. १९८७ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला, वि. स. खांडेकरांनंतर मराठीला तो दुसऱ्यांदा मिळाला. १० मार्च १९९९ रोजी ते गेले.

मातृभाषा दिनाला मराठीचे गोडवे गाणं मला पटत नाही, ते २७ ला गावेत. २१ ला वर्गातल्या प्रत्येकाने आपल्या घरच्या बोलीत एक वाक्य फळ्यावर लिहावं. अहिराणी, कोरकू, गोंडी, वडारी, मालवणी, कानडी, तेलुगू, उर्दू, जे असेल ते. आमच्या तीस मुलांच्या वर्गात एकदा सात बोली निघाल्या. मला त्यातल्या दोनच कळत होत्या.

२७ फेब्रुवारीला ‘मराठी राजभाषा दिन’ लिहायचं की ‘मराठी भाषा गौरव दिन’?

मराठी भाषा गौरव दिन. शासन निर्णयात हेच नाव आहे. राजभाषा दिन १ मे ला, महाराष्ट्र दिनाच्याच दिवशी असतो आणि त्याचा संबंध १९६४ च्या राजभाषा अधिनियमाशी आहे. दोन्ही नावं एकमेकांत मिसळून ‘मराठी राजभाषा गौरव दिन’ असं नवंच नाव फ्लेक्सवर तयार झालेलं आहे, ते कुठल्याच निर्णयात नाही. याशिवाय १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला म्हणून ३ ऑक्टोबरचा अभिजात मराठी भाषा दिन. चारही वेगळे.

‘जागतिक दिन’ ठरवतं कोण? आणि इतके कसे?

वाटा वेगवेगळ्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत एखादा देश ठराव मांडतो आणि तो मंजूर होतो. २० फेब्रुवारीचा सामाजिक न्याय दिन असा आला, ठराव २००७ चा. दुसरी वाट युनेस्कोसारख्या संस्थेची. तिसरी, एखाद्या कराराची तारीखच दिवस होऊन बसते. चौथी, सरकारी नसलेल्या संस्था एकत्र येतात. ४ फेब्रुवारीचा जागतिक कर्करोग दिन २००० साली पॅरिसच्या परिषदेत सही झालेल्या जाहीरनाम्यातून आला. आणि पाचवी वाट म्हणजे कुणीतरी कंपनी किंवा दुकानदार. चॉकलेटचा दिवस, टेडी अस्वलाचा दिवस वगैरे. त्यांना फळ्यावर जागा देऊ नये, जागा लहान असते.

राज्यातल्या कार्यालयांत कोणत्या थोर व्यक्तींच्या जयंत्या साजऱ्या करायच्या याची यादी सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी परिपत्रकाने काढतो. ग्रामपंचायतीत ‘ही जयंती करायची की नाही’ असा वाद झाला तर ते परिपत्रक पुढे ठेवा.

२ फेब्रुवारीचा ‘पाणथळ भूमी दिन’ म्हणजे काय? आपला काय संबंध?

इराणमधल्या रामसर शहरात २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागा जपण्याचा करार झाला. भारत त्यात १९८२ मध्ये आला. तळं, दलदल, खाडी, धरणाच्या फुगवट्यातला उथळ भाग, अशा जागा या करारात येतात आणि यादीत आलेल्या जागेला रामसर स्थळ म्हणतात. महाराष्ट्रातलं पहिलं नांदूरमधमेश्वर. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे बंधाऱ्याच्या गाळावर हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांचे थवे उतरतात. मग २०२० मध्ये लोणार आणि २०२२ मध्ये ठाण्याची खाडी, जिथे रोहित पक्षी येतात. गोव्यातलं नंदा तळंही २०२२ मध्येच यादीत आलं.

लोणारचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं होतं, ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. मुलांना हे आवडतं. पण सहल काढणं जमत नसेल तर गावचं तळं किंवा ओढ्याचा डोह चालतो. पाच पक्षी ओळखा, नावं गावात चालतात तीच लिहा. ‘पाणकोंबडी’ला इंग्रजीत काय म्हणतात हे नंतर बघता येईल.

१० फेब्रुवारीला नेमकं काय असतं?

दोन गोष्टी. एक जागतिक कडधान्य दिन, २०१९ पासून. त्याआधी २०१६ हे कडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. भाषणाची गरज नाही, शाळेच्या पोषण आहारात त्या दिवशी मोड आलेल्या मटकीची उसळ असली की दिवस साजरा झाला. मोड आदल्या दिवशी मुलांसमोर फडक्यात बांधा आणि सकाळी गाठ त्यांनाच सोडू द्या.

दुसरं, राष्ट्रीय जंतनाशक दिन, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. राज्यात तारीख मागेपुढे होते, म्हणून आरोग्य केंद्राचा निरोप खरा मानावा. अल्बेंडाझोलची गोळी चावून खायची असते, गिळायची नाही. त्या दिवशी आजारी असलेल्या मुलाला देऊ नये, नंतरच्या फेरीत द्यावी.

११, १२, १३ फेब्रुवारीला काय लिहू? थोडक्यात सांगा.

११ : विज्ञानातील महिला आणि मुलींचा आंतरराष्ट्रीय दिन, २०१६ पासून. याच महिन्यात २६ फेब्रुवारी १८८७ ला डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात गेल्या, वय अवघं २१. दोन्ही जोडून सांगता येतं.

१२ : चार्ल्स डार्विन आणि अब्राहम लिंकन, दोघांचाही जन्म १८०९ चा. एकच दिवस, एकच साल.

१३ : सरोजिनी नायडू जयंती, १८७९, हैदराबाद. भारतात हा राष्ट्रीय महिला दिन, ८ मार्चचा आंतरराष्ट्रीय, दोन्हींत गल्लत नको. शिवाय जागतिक रेडिओ दिन, कारण १३ फेब्रुवारी १९४६ ला संयुक्त राष्ट्रांचं रेडिओ केंद्र सुरू झालं. आपल्याकडचा प्रसारण दिन २३ जुलैला असतो, १९२७ मध्ये मुंबई केंद्र सुरू झालं त्या दिवशी.

१४ फेब्रुवारीला भगतसिंगांना फाशीची शिक्षा झाली, असा मेसेज येतो. लिहू का?

नाही. हा मेसेज दरवर्षी येतो आणि दरवर्षी खोटा असतो. शिक्षा सुनावली ७ ऑक्टोबर १९३० रोजी, फाशी दिली २३ मार्च १९३१ रोजी लाहोरमध्ये, राजगुरू आणि सुखदेव यांच्यासोबत. व्हॅलेंटाइन डेला उत्तर म्हणून कुणीतरी ही तारीख जुळवली आहे. ज्यांना त्या दिवशी हुतात्म्यांची आठवण करायची आहे त्यांना खोट्या तारखेची गरजच नाही. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान गेले. बुलढाणा जिल्ह्यातलेही दोन जवान त्यात होते.

एकाच दिवशी चार-पाच गोष्टी आल्या तर निवड कशी करायची?

४ फेब्रुवारी घ्या. १६७० मध्ये कोंढाण्यावर तानाजी मालुसरे पडले, १९२२ मध्ये गदगला पंडित भीमसेन जोशींचा जन्म झाला, आणि कर्करोग दिनही त्याच दिवशी. २२ फेब्रुवारीला स्काउट-गाइडचा चिंतन दिन, कारण बेडन-पॉवेल आणि त्यांच्या पत्नी दोघांचाही वाढदिवस त्याच तारखेचा. आणि १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा कैदेतच गेल्या तोही हाच दिवस. मी दोनच निवडायचो. एक आपल्या मातीतली आणि एक जगातली, पण दोन्हींबद्दल मुलं पुढे काही विचारू शकतील अशी. पाच ओळी वाचून दाखवल्या की एकही लक्षात राहत नाही.

दिवस रविवारी आला तर?

शनिवारच्या फळ्यावर ‘उद्या’ म्हणून लिहा. सोमवारी ‘काल होता’ म्हणून लिहिलेलं कुणी वाचत नाही.

२९ फेब्रुवारीला काही असतं का?

असतं. दुर्मीळ आजारांचा दिवस मुद्दाम या दुर्मीळ तारखेला धरला, पहिला २९ फेब्रुवारी २००८ ला. लीप वर्ष नसेल तेव्हा २८ ला. आणि मोरारजी देसाईंचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. जुन्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, नंतर पंतप्रधान. १० एप्रिल १९९५ ला ते गेले. पाचवीच्या पुढच्या वर्गाला विचारा, त्यांचा वाढदिवस खऱ्या तारखेला किती वेळा आला? बहुतेक मुलं चारने भागून चोवीस सांगतात. उत्तर तेवीस आहे. १९०० ला ४००ने भाग जात नाही, म्हणून ते लीप वर्ष नव्हतं, आणि छोट्या मोरारजीला पहिल्या वाढदिवसासाठी आठ वर्षांचं होईपर्यंत थांबावं लागलं.